'काबानेरी'मधले रंगवलेले क्लोज-अप: तीन सेकंदांच्या शॉटला तसा मेकअप कसा करायचा?

शाईचा_डाग

विट स्टुडिओची 'काबानेरी ऑफ द आयर्न फोर्ट्रेस' ही २०१६ची जपानी अॅनिमेशन मालिका इथे बऱ्याच जणांनी पाहिली असेल. वाफेची इंजिनं, तटबंदीची स्थानकं, छातीत पेटलेलं काळीज घेऊन धावणारी प्रेतं, सगळंच भारी आहे. पण प्रश्न चेहऱ्यांचा आहे. मारामारी चालू असताना चित्र नेहमीच्या अॅनिमेसारखं सपाट रंगांचं असतं आणि मध्येच मुमेई किंवा इकोमा या मुख्य पात्रांचा क्लोज-अप येतो तो थेट हाताने रंगवलेल्या पोस्टरसारखा. गालावर मऊ छटा, पापण्यांना काजळ ओढल्यासारखी जाडी, केसांत ब्रशचे फटकारे. आणि हे चित्र हलतंसुद्धा!

अॅनिमेशनच्या वर्गासाठी असा एक शॉट करायचा आहे. ३ सेकंद, २४ फ्रेम प्रतिसेकंद. पात्र स्वतःचंच: बॉयलरसमोर उभी असलेली बाई मान वळवून मागे बघते, मागे जिवंत प्रेत उभं आहे आणि त्याच्या छातीतला उजेड तिच्या गालावर पडतो. सॉफ्टवेअर क्रिता, लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, साधा पेन टॅब्लेट.

१) स्टुडिओत हे नेमकं कुठल्या टप्प्यावर करतात?
२) एकट्याने करायचं तर कामाची विभागणी कशी करावी?
३) अभ्यासासाठी कुठले प्रसंग बघावेत?
४) काळजाचा उजेड कसा काढायचा? ग्लो लावला की ट्यूबलाइट पेटल्यासारखं दिसतंय.

---

टाइमशीट

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

जपानी टीव्ही अॅनिमेचा साधारण क्रम असा: लेआउट, की ड्रॉइंग, अॅनिमेशन दिग्दर्शकाच्या दुरुस्त्या, मधली चित्रं, रंगभरणी, शेवटी कंपोझिटिंग (सगळे थर एकत्र जोडणं). काबानेरीत रंगभरणी आणि कंपोझिटिंगच्या मध्ये एक जादा टप्पा घातला होता. त्यालाच ते मेकअप म्हणतात आणि ते काम करणाऱ्यांना श्रेयनामावलीत वेगळी जागा आहे. सपाट रंग भरून झालेल्या चित्रावर एकेक फ्रेम घेऊन छटा, पोत आणि चमक हाताने चढवायची. अख्ख्या मालिकेवर एक फिल्टर टाकून दिला असं काही नाही, म्हणून ते पटतं.

हा खटाटोप कशासाठी? पात्रांची मूळ रेखाटनं हारुहिको मिकिमोतो यांची आहेत. १९८२चा 'मॅक्रॉस' आणि १९८८चा 'गनबस्टर' ज्यांनी पाहिलाय त्यांना हा हात लगेच ओळखू येईल. त्यांची रंगीत चित्रं म्हणजे मऊ गाल, ओलसर डोळे आणि हवेत विरघळणारे केस. यासुयुकी एबारा यांनी ती पात्रं अॅनिमेशनला सोयीची केली, पण सोयीची करताना रेषा उरते आणि रंगाचा मऊपणा हमखास गळतो. दिग्दर्शक तेत्सुरो अराकी यांना तो पडद्यावर हलताना हवा होता. तो परत आणायचा मार्ग म्हणजे मेकअप.

कल्पना तशी जुनीच. सेल्युलॉइडच्या काळात रंगवून झालेल्या सेलवर (पारदर्शक पत्र्यावर) एअरब्रश आणि कोरडा ब्रश मारणारे वेगळे कारागीर असत. ऐंशीच्या दशकातल्या चित्रपटांत यंत्रांच्या पत्र्यावर दिसणारी ती मऊ चमक त्यांचीच. दिग्दर्शक ओसामु देझाकी प्रसंगाच्या शेवटी चित्र गोठवून ते बॅकग्राउंडसारखं पूर्ण रंगवून घेत, तेही याच घराण्यातलं.

आता हिशेब. टीव्ही अॅनिमेत बहुतेक हालचाल 'थ्रीज'वर असते, म्हणजे एक चित्र तीन फ्रेम टिकतं, सेकंदाला ८ चित्रं. ३ सेकंदांची झाली २४. एका चेहऱ्याच्या मेकअपला ४० मिनिटं धरली तरी १६ तास, आणि एवढं करून चित्र थरथरणार ते वेगळंच. त्यामुळे मेकअप कुठे करायचा यापेक्षा कुठे करायचा नाही हे आधी ठरवा. मालिकेतसुद्धा तो थांबलेल्या किंवा जेमतेम हलणाऱ्या चेहऱ्यांवरच खर्च केलाय.

---

रुळांवरची_भुतं

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

पहिला भाग दोनदा बघा, एकदा आवाज बंद करून. इकोमाला चावा बसतो आणि तो विषाणू मेंदूपर्यंत पोचू नये म्हणून मानेपाशी लोखंडाने आवळून अडवतो, तो प्रसंग तुमच्या कामाचा. चेहरा जवळून, घाम, ताण, अंगावर पसरत जाणाऱ्या चमकत्या शिरा. रेषा कुठे काळी राहते आणि कुठे तपकिरी-लाल होते ते बघा. नंतर मुमेई गळ्याची फीत सोडून लढायला उतरते तो भाग. लढताना मेकअप जवळपास शून्य, थांबली की परत चढलेला.

उलट बाजू बघायची तर पाचवा-सहावा भाग घ्या. असंख्य काबाने (मालिकेतली ती जिवंत प्रेतं) एकमेकांत मिसळून जो काळा डोंगर उभा राहतो तिथे सगळी मेहनत आकार, वजन आणि अंधार यांच्यावर आहे.

ट्रेलर यूट्यूबवर थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनी फ्रेम मागेपुढे करता येते. मात्र तिथल्या कॉम्प्रेशनमध्ये गालावरची बारीक छटा बऱ्यापैकी मरते, त्यामुळे 'स्टुडिओनेही सपाटच ठेवलंय' असा निष्कर्ष त्यावरून काढू नका.

एक मुद्दा कथेतला, पण शॉटला थेट लागू. काबानेच्या काळजाभोवती लोखंडासारखा पडदा असतो. साध्या वाफेच्या बंदुकीने तो फुटत नाही, म्हणून तर इकोमा अगदी अंगाला टेकवून मारायची ती भेदक बंदूक बनवतो. तो पडदा चमकतो, म्हणजे उजेडाचा उगम छातीत आहे. तुमच्या बाईच्या चेहऱ्याच्या खालून. प्रेत तिच्याच उंचीचं धरलं तर उजेड तिच्या जबड्याच्या खालच्या कडेवर, कानाच्या पाळीच्या तळाशी, नाकपुडीखाली आणि वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला पडेल. कपाळ अंधारातच राहील. बरेच फॅनआर्टवाले गालाच्या वरच्या हाडावर केशरी पट्टा मारतात आणि मग प्रेत शिडीवर चढून उभं असल्यासारखं दिसतं.

अवांतर: नवीन लोकांसाठी क्रम. आधी १२ भाग, मग २०१९चा 'उनातोची लढाई' हा चित्रपट. तो मालिकेनंतर सहा महिन्यांनी घडतो, आधी पाहिला तर निम्मे संदर्भ हुकतील. २०१६च्या अखेरीस आणि २०१७च्या सुरुवातीला आलेले दोन चित्रपट हे मालिकेचंच संकलन आहेत, मालिका पाहिली असेल तर सोडले तरी चालतील. बिबा हे पात्र आल्यावर मालिकेची गाडी रुळावरून घसरते हे माझं मत कायम आहे. त्यावर इथे वाद नको, वेगळा धागा काढा.

---

ब्रशवाली

दुसऱ्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर. क्रिता धरूनच लिहितेय.

आधी फ्रेमचा तक्ता. ३ सेकंद म्हणजे ७२ फ्रेम.

१ ते १६: बाई बॉयलरकडे तोंड करून, चेहरा पाऊण पाठमोरा. एकच चित्र. मेकअप नाही.
१७ ते २८: मान वळते. 'टूज'वर (एक चित्र दोन फ्रेम) ६ चित्रं. मेकअप नाही, सावलीचा एकच थर.
२९ ते ३२: मान थोडी पुढे जाऊन परत येते. २ चित्रं.
३३ ते ७२: थांबलेला चेहरा. १ मुख्य चित्र. ४५ ते ५० मध्ये पापणी लवते, म्हणजे अर्धी, मिटलेली, परत अर्धी, प्रत्येकी २ फ्रेम. दोन्ही वेळा अर्धी पापणी तीच, त्यामुळे जादा चित्रं दोनच.

चेहऱ्याची एकूण १२ चित्रं झाली. पूर्ण मेकअप फक्त शेवटच्या एका चित्राला. ४० फ्रेम, म्हणजे अर्ध्याहून जास्त शॉट, तेच चित्र दिसणार आहे. केस वेगळ्या लेयरवर: ४ चित्रांचं चक्र थ्रीजवर, १२ फ्रेममध्ये एक फेरी. बॉयलरच्या गरम हवेने हलतात असं धरा, म्हणजे खालून वर उचलले जाऊ देत. बाजूने वारा आल्यासारखे नकोत.

कॅनव्हास २११२ × ११८८ घ्या, म्हणजे १०८०पीच्या ११० टक्के. कारण पुढे येईल. मेमरीची भीती असते, पण हिशेब सोपा आहे. १९२० × १०८०चा पूर्ण भरलेला एक थर साधारण ८.३ एमबी. दहा थर आणि ७२ वेगवेगळ्या फ्रेम केल्या तर ६ जीबीच्या आसपास जाल आणि लॅपटॉप मान टाकेल. तक्त्याप्रमाणे चित्रं धरून ठेवली तर त्याच्या पाव भागातही काम होतं. परफॉर्मन्स सेटिंगमध्ये अॅनिमेशन कॅश डिस्कवर टाका आणि कॅश फ्रेमचा आकार मर्यादित करा. प्रिव्ह्यू जरा धूसर दिसेल, रेंडरवर परिणाम नाही.

रेषा. शुद्ध काळा नको. गडद तपकिरी, फायनल आकारात २ ते ३ पिक्सेल. वरच्या पापणीची रेषा दुप्पट जाड आणि बाहेरच्या टोकाला फाटलेली. अँटी-एलियासिंग (रेषेची कड मऊ करणं) बंद ठेवून रेषा काढली की रंग ओतताना कडेला पांढरी किनार राहत नाही. मऊ रेषाच हवी असेल तर फिल टूलमध्ये निवड १-२ पिक्सेल वाढवा.

सपाट रंग. त्वचा, सावली १, सावली २. एवढंच. इथेच चित्र नीट वाचता आलं पाहिजे. सपाट अवस्थेत नाक चुकलेलं असेल तर मेकअपने ते जास्त उठून दिसतं.

मेकअपचे थर. चेहऱ्याचे सपाट थर एका ग्रुपमध्ये टाका. मेकअपचे थर त्याच ग्रुपमध्ये, वर, आणि प्रत्येकावर इनहेरिट अल्फा चालू. मग ब्रश चेहऱ्याबाहेर सांडत नाही. इथे नेहमीची फसगत: बॅकग्राउंड त्याच ग्रुपमध्ये राहिली तर कापणी होतच नाही, कारण खाली सगळीकडे रंग भरलेलाच असतो. बॅकग्राउंड ग्रुपच्या बाहेर ठेवा.

आता चढवायचा क्रम:

अ) सावलीची कड. सगळी कड मऊ करू नका. गाल वळतो तिथेच एअरब्रशने २५ ते ४० पिक्सेलचा उतार द्या. नाकाची आणि मानेवर पडणारी जबड्याची सावली धारदारच ठेवा. सगळं मऊ केलं की चेहरा मेणाचा होतो.

आ) लाली. गाल, नाकाचं टोक, कान, पापणीचे कोपरे. मल्टिप्लाय मोडवर (खालचा रंग गडद करणारा) लालसर रंग, ओपॅसिटी १२ ते १५ टक्के. बोटांची पेरं दिसत असतील तर तिथेही.

इ) आतल्या रेषांचा रंग. नाकाची कड, ओठांची मधली रेष, पापणीची वरची घडी या काळपट राहू नयेत. रेषेच्या लेयरवर अल्फा लॉक करून त्या विटकरी करा. बाहेरची सीमारेषा गडदच. पाच मिनिटांचं काम आहे, पण 'रंगवलेलं' दिसण्यात याचा वाटा सगळ्यात मोठा.

ई) डोळे. बुबुळाचा वरचा अर्धा भाग जवळजवळ काळा, खाली उजळत जाणारा उतार. मोठा चमकबिंदू वर, छोटा तिरका समोर खाली. खालच्या पापणीच्या कडेला १ पिक्सेलची फिकट ओली रेष. चमकबिंदू वेगळ्या लेयरवर ठेवा, कारण उजेड थरथरला की तेही थरथरले पाहिजेत.

उ) केस. कोरड्या ब्रशचे ५ ते ७ फटकारे, केसांच्या वळणाबरोबर, टोकाकडे विरत जाणारे. मोजून. पंधरा मारलेत तर गवत होईल. हे फटकारे केसांच्या चारही चित्रांवर काढावे लागतात, पण चक्र चारचंच असल्याने जड जात नाही.

ऊ) काजळी. बॉयलरवरची बाई आहे. पोताचा ब्रश, मल्टिप्लाय, २० टक्के, कपाळाची एक बाजू आणि जबडा. नाकावर ठिपका लावायचा मोह टाळा, लगेच गोंडस दिसतं.

टाइमलाइन. मेकअपच्या थरांना फ्रेम ०वर रिकामी की (कीफ्रेम) द्या आणि रंगकाम तक्त्यातल्या ३३व्या फ्रेमवर करा. क्रिता ०पासून मोजतं, म्हणजे टाइमलाइनवर तो आकडा ३२ असेल. कीफ्रेम न देता रंगवलंत तर ते अख्ख्या शॉटभर दिसेल आणि मान पाठमोरी असताना गाल हवेत तरंगेल. ऑटो-की चालू असेल तर दर ठिकाणी नवीन की तयार होते. रंगकाम करताना ती बंद ठेवा.

---

शाईचा_डाग

ताई, दंडवत! तक्त्याप्रमाणे बसवलं. दोन अडचणी राहिल्यात. ३३व्या फ्रेमला मेकअप 'टपकन' उगवतो, बल्ब लावल्यासारखा. म्हणून मान वळतानाच्या सहा चित्रांवरही हलका मेकअप करून पाहिला, तर गाल उकळल्यासारखा दिसतोय. शिवाय शेवटच्या ४० फ्रेम मेल्यासारख्या वाटतात, केस हलत असूनसुद्धा.

---

टाइमशीट

उकळतं कारण प्रत्येक चित्रात ब्रशचा पोत नव्याने पडतो. सपाट रंगाची कड दोन पिक्सेल इकडेतिकडे झाली तर डोळा माफ करतो. पोताचा प्रत्येक दाणा जागा बदलतो तेव्हा तो पृष्ठभागच वळवळताना दिसतो. वळणाच्या सहा चित्रांवरचा मेकअप सरळ काढून टाका. अर्ध्या सेकंदाच्या वळणात तो कुणाला दिसत नाही.

टपकन उगवण्यावर उपाय: मेकअप ग्रुपच्या ओपॅसिटीला की द्या, २९व्या फ्रेमला ० आणि ३६व्याला १००. रंगकामाची की मागे ओढून २९वर न्या. २९ ते ३२ मध्ये मान स्थिरावत असते, त्यामुळे तेवढ्या चार फ्रेमपुरता मेकअप चेहऱ्याबरोबर ट्रान्सफॉर्म मास्कने (थर न बदलता हलवणारं साधन) सरकवा. तंतोतंत जुळला नाही तरी चालतं, तेव्हा तो निम्माही दिसत नसतो. चढण्याला कारणही द्या. त्याच आठ फ्रेममध्ये छातीचा उजेड वाढवत न्या, म्हणजे बघणाऱ्याला मेकअप चढला असं न वाटता उजेड पडला असं वाटेल.

मेलेल्या ४० फ्रेमसाठी कॅमेरा. १०० वरून १०३ टक्के, अगदी हळू, पूर्ण ४० फ्रेमभर. म्हणूनच कॅनव्हास ११० टक्के सांगितला होता, मोठं करताना चित्र फुटत नाही. बॅकग्राउंड फक्त १०१ टक्क्यांपर्यंत न्या. त्या दोन टक्क्यांच्या फरकाने चेहरा मागच्या चित्रापासून सुटतो. वेग सुरुवातीला जरा जास्त आणि शेवटी कमी ठेवा. शेवट पूर्ण थांबवू नका, शॉट कापला जातो तेव्हा किंचित हालचाल चालूच असावी.

श्वास घालायचा असेल तर खांद्यांचा लेयर २ पिक्सेल वर-खाली, एका सेकंदात एकदा. घाबरलेली बाई आहे. चेहऱ्याला श्वास लावू नका.

---

धगधगी

चौथा प्रश्न तसाच राहिलाय, तो घेतो.

ट्यूबलाइट दिसते कारण एकच थर काढून त्याला एकच ब्लर दिलेला असतो. तीन थर करा:

गाभा: जवळजवळ पांढरा-पिवळा, लहान, कड स्पष्ट, ब्लर फार तर २ पिक्सेल. इथे ब्लर वाढवला की काळजाचा आकारच जातो आणि धुरकट दिवा उरतो.
मधला: केशरी, अॅडिशन मोडमध्ये, ब्लर १२ ते १५.
बाहेरचा: गडद लाल, स्क्रीन मोडमध्ये, ब्लर ८० ते १००, ओपॅसिटी ३० टक्क्यांच्या आत.

गाभ्याभोवती पडद्याच्या भेगा काढा. दोन-तीन गडद रेषा गाभ्यावरून जाऊ देत. आत काहीतरी जळतंय आणि वर कवच आहे, हे त्या रेषांनीच कळतं. छातीतून मानेकडे जाणाऱ्या शिरा मधल्या थराच्या रंगात, पण गाभ्यापासून लांब जाताना बारीक आणि लालसर.

उजेड एकसारखा ठेवू नका. तीनही थर एका ग्रुपमध्ये घालून त्याची ओपॅसिटी १०० आणि ८५ च्या मध्ये हलवा, पण दर २ फ्रेमला नियमाने नको. २, ३, २, ५, ३ असं काहीतरी. नियमित चक्र टाकलं की वायरिंग खराब असल्यासारखं लुकलुकतं. बाईच्या जबड्यावरच्या कडेच्या उजेडाला हेच आकडे द्या, एक फ्रेम उशिरासुद्धा नको. प्रकाश वाट बघत नाही.

मुख्य गोष्ट अंधार. चमक दिसते ती आजूबाजूच्या काळोखामुळे. प्रेताचं बाकी शरीर काळपट निळ्या-राखाडीत बुडवा, चेहऱ्याचे तपशील काढूच नका. या मालिकेत उजेडाचे उगम मोजके आहेत: भट्टी, कंदील, ठिणग्या आणि काळीज. तुमच्या शॉटमध्ये भट्टी आणि काळीज दोन्ही केशरी झाली तर भांडण होईल. भट्टी फिकट पिवळी करून बाईच्या पाठीमागच्या कडेवर ठेवा, लालसर केशरी फक्त काळजाला.

वाफही घाला, पण शुद्ध पांढरी नको. राखाडी-निळा एक थर हाताने काढलेला, थ्रीजवर. त्यामागे एक मोठा मऊ थर, फक्त हळू सरकणारा. वाफ गाभ्यासमोरून गेली की तेवढ्या वेळापुरता बाहेरचा लाल थर वाढवा, वाफेत उजेड पसरतो.

---

रुळांवरची_भुतं

@धगधगी, गाभ्याच्या कडेबद्दल +१. 'भेगा' शब्दाला मात्र हरकत आहे. पडदा अखंड असतो, तो भेदताच येत नाही म्हणून तर सगळा खेळ. भेग पडलेलं काळीज म्हणजे मेलेला काबाने. त्याला जाळी किंवा शिरा म्हणा आणि रेषा गाभ्याच्या कडेशी जोडून काढा, अधांतरी तुटलेल्या नकोत.

---

धगधगी

मान्य. जाळीच. टोकं मोकळी सोडायची नाहीत.

---

पट्टे_पट्टे

रेंडरबद्दल कुणी बोललं नाही, आणि एवढी मेहनत तिथेच पाण्यात जाते.

गडद लाल उतार ८ बिटमध्ये साठवला की पायऱ्या पडतात, भोवती रंगीत वर्तुळं दिसतात. बाहेरचा ग्लो सगळ्यात जास्त बिघडतो. रॅम झेपत असेल तर १६ बिटमध्ये काम करा. ८ जीबीवर कदाचित नाही झेपणार, तेव्हा सगळ्यात वर बारीक दाण्याचा एक थर टाका, ओव्हरले, ३ ते ४ टक्के, ४ चित्रांचं चक्र टूजवर. पायऱ्या त्या दाण्यात लपतात आणि मेकअपचे मऊ भाग सपाट भागांशी जुळून येतात. हा दाणा वळवळला तरी चालतो, कारण तो चेहऱ्याला चिकटलेला नसून पूर्ण फ्रेमवर असतो.

थेट व्हिडिओ काढू नका. आधी पीएनजी फ्रेमची मालिका. मध्येच क्रिता बंद पडलं तर झालेल्या फ्रेम शाबूत राहतात. मग एफएफएमपेगने (व्हिडिओ बनवणारं सॉफ्टवेअर) एच.२६४, २४ एफपीएस, सीआरएफ (दर्जाचा आकडा) १६, ट्यून 'ग्रेन'. ट्यून 'अॅनिमेशन' हे नाव बघून भुलू नका. ते सपाट रंगांसाठी आहे, तुमचा दाणा आणि ब्रशचा पोत पुसून टाकेल. पिक्सेल फॉरमॅट युव ४२०पी ठेवावाच लागतो, नाहीतर बऱ्याच प्लेअरवर काळा पडदा येतो. त्यात रंगाची माहिती निम्म्या रिझोल्यूशनची होते, म्हणून काळ्यावरच्या १ पिक्सेल लाल रेषा फिसकटतात. काळजाच्या शिरा किमान ३ पिक्सेल ठेवा आणि मध्ये थोडा पिवळा सोडा, उजळपणाची माहिती पूर्ण रिझोल्यूशनमध्ये जाते.

सरांना व्हॉट्सअॅपवर पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवला तर गालाच्या जागी चौकोन पोचतील.

---

शाईचा_डाग

सगळ्यांचे आभार. ओपॅसिटीची युक्ती बसली, गाल शांत झाला. एकच राहिलं: पापणी लवते तेव्हा (४५ ते ५०) मिटलेल्या पापणीवर डोळ्याचे चमकबिंदू तसेच दिसतात. ग्रुपमधून बाहेर काढावेत का?

---

ब्रशवाली

बाहेर काढू नका, त्या थराला की द्या. ४५ला चमकबिंदू वरून अर्धे कापलेले, ४७ला रिकामी फ्रेम, ४९ला परत अर्धे, ५१ला पूर्ण. अर्ध्या पापणीच्या वेळी मोठा बिंदू पापणीखाली जातो आणि छोटा तसाच राहतो, तो पुसू नका.

मिटलेल्या पापणीच्या चित्रालाही मेकअप लागेल, पण थोडाच: पापणीवर लालीचा एक हात आणि खालच्या कडेला काळजाचा केशरी. तो केशरी विसरलात तर दोन फ्रेमपुरता उजेड विझल्यासारखा दिसेल.